सहा ओळी कुठून आल्या?

डेटाबेसने एरर दिली तर नशीब समजावं. कॉलमचं नाव चुकलं, स्वल्पविराम राहिला, की तो लगेच बोंब मारतो आणि पाच मिनिटांत काम उरकतं. खरा घोळ असतो तो निमूटपणे आलेल्या चुकीच्या उत्तरात. चार-पाच टेबलं जोडणाऱ्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, असं हमखास होतं, आणि आकडे मीटिंगमध्ये वाचले जाईपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

मुळात टेबलं वेगवेगळी ठेवायचीच कशाला? आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत मांडायची पद्धत, मांडलं, त्यातून ही शिस्त आली. ग्राहकाचा पत्ता ग्राहकांच्या टेबलात एकदाच लिहायचा, ऑर्डरच्या टेबलात फक्त त्याचा क्रमांक. लागेल तेव्हा जॉइन करून तुकडे एकत्र आणायचे. कॉडनी त्याच लेखात 'कनेक्शन ट्रॅप'चा इशाराही देऊन ठेवला होता. एक पुरवठादार बोल्ट विकतो, एका प्रकल्पात बोल्ट लागतात; म्हणून त्या प्रकल्पाला त्यानेच बोल्ट दिले असं ठरत नाही. टेबलं जोडली जातात, पण जोडून निघालेली ओळ खरी असेलच याची हमी नाही.

एका दुकानातली एकच ऑर्डर घेऊ. वस्तू तीन: 200, 300 आणि 500 रुपयांच्या. बिल 1000. गिऱ्हाइकाने 600 यूपीआयने दिले, 400 रोख. आता ऑर्डर, वस्तू आणि पेमेंट ही तिन्ही टेबलं ऑर्डर क्रमांकावर जोडा. ओळी येतात सहा. वस्तू आणि पेमेंट यांचं आपसात काही नातं नाही, दोघांची ओळख फक्त ऑर्डरशी. त्यामुळे डेटाबेस प्रत्येक वस्तूची प्रत्येक पेमेंटशी जोडी लावतो: तीन गुणिले दोन. बेरीज केली तर वस्तू 2000 रुपयांच्या आणि जमा 3000. हजाराच्या ऑर्डरवर! यात डेटाबेसचं काही चुकलेलं नाही, सांगितलं तेच त्याने केलं.

इथे बहुतेकांचा हात डिस्टिंक्टकडे, म्हणजे सारखं दिसणारं एकदाच धरणाऱ्या आज्ञेकडे, जातो. माझ्या मते जॉइनच्या क्वेरीत घाईने टाकलेला डिस्टिंक्ट हा संशयिताचा कबुलीजबाबच. वरच्या उदाहरणात बेरजेच्या आत डिस्टिंक्ट टाकला तर उत्तर बरोबर येतं, आणि धोका तोच आहे. उद्या कुणी 200 च्या दोन वेगळ्या वस्तू घेतल्या की त्यातली एक गडप. सरळ उपाय वेगळा: वस्तूंची बेरीज ऑर्डरनुसार आधी करून घ्या, पेमेंटची तशीच वेगळी करा, मग एका ऑर्डरची एकच ओळ उरलेले हे दोन निकाल जोडा.

असा घोळ शोधायचा तर अख्खी क्वेरी वाचत बसू नये. सगळे जॉइन काढून पहिल्या टेबलाच्या ओळी मोजाव्यात, मग एकेक टेबल परत घालून दर वेळी पुन्हा मोजाव्यात. आकडा जिथे अचानक फुगतो किंवा आटतो, तिथे चोर. एवढं कंटाळवाणं आणि एवढं खात्रीचं दुसरं तंत्र नाही.

फुगण्याचं कारण पाहिलं, आटण्याचं एक नेहमीचं कारण असं. ऑर्डर न दिलेले ग्राहकही यादीत हवेत म्हणून कुणी लेफ्ट जॉइन (जोडी न मिळालेल्या पहिल्या टेबलाच्या ओळीही राखणारा जॉइन) लावतो आणि खाली व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळणाऱ्या भागात, 'ऑर्डरची तारीख 1 एप्रिलनंतरची' अशी अट घालतो. ऑर्डरच नाही त्यांची तारीख नल, म्हणजे रिकामी. नलची तुलना कशाशीही करा, उत्तर ना हो, ना नाही. आणि व्हेअर फक्त 'हो'वाल्यांनाच आत घेतं. लेफ्ट जॉइनने जपलेली माणसं दोन ओळी खाली गळतात. अट ऑनमध्ये, म्हणजे टेबलं कशावर जोडायची ते सांगणाऱ्या भागात, हलवली की परत येतात.

मराठी डेटात याहून चकवणारा प्रकार आहे. 'कऱ्हाड' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, एकाहून अधिक तऱ्हांनी टाइप होतं: एकात थेट 'ऱ' आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही सारखीच. पोस्टग्रेस या डेटाबेसला लांबी विचारा, पहिल्याची 6 भरते, दुसऱ्याची 7. नावावर जॉइन केला तर नेहमीच्या सेटिंगमध्ये कऱ्हाडला कऱ्हाड सापडत नाही. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं नॉर्मलायझेशन 'र'ला नुक्ता (खालचा टिंब) देऊन लिहिलेला तिसरा प्रकार सरळ करतं, पण जॉइनरवाल्याला हात लावत नाही. तो आपणच साफ करायचा.

म्हणून गावं नावाऐवजी कोडवर जोडावीत. 2011 च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी कोड आहे. पण हे क्रमांक जम्मू-काश्मीरपासून सुरू होतात, त्यामुळे पंजाबातल्या गावांचे कोड शून्याने सुरू होतात, महाराष्ट्रातले पाचने. फाइल एकदा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह झाली की सुरुवातीची शून्यं जातात. पुण्यात बसून महाराष्ट्राच्या डेटावर क्वेरी तपासणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. देशभराच्या डेटावर तीच चालवली की पंजाबातल्या एकाही गावाला जोडीदार मिळत नाही. अशा वेळी कोड मजकूर म्हणून ठेवून, सहा अंक होईपर्यंत डावीकडे शून्यं भरावीत, आणि मगच जॉइन लावावा.