लाभांश घटला? विकण्याआधी कर्जाचं पान उघडा

वार्षिक निकालांची शेवटची तारीख ३० मे. मे महिनाभर आमच्याकडे, म्हणजे ब्रोकरकडे, सकाळी सव्वानऊला बाजार उघडताच फोन येतात, "लाभांश कमी केलाय, सगळे काढून टाका."

आधी खरंच कमी झालाय का, ते बघा. एकास एक बोनसनंतर, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट मिळाल्यावर, लाभांश १० रुपयांचा ५ झाला, तर तुमच्या हातात पैसे तेवढेच येतात. गेल्या वर्षी विशेष (एकदाच दिलेला) लाभांश मिळाला असेल तर तो तुलनेत धरू नका. आणि '५०० टक्के' म्हणजे दर्शनी मूल्याच्या (शेअरच्या मूळ नोंदलेल्या किमतीच्या, बाजारभावाच्या नव्हे) पाचपट. मूल्य २ रुपये असेल तर मिळणार १० रुपयेच. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं २०१९-२० चा लाभांश द्यायला बँकांना सरसकट मनाई केली होती, तेव्हाही अशीच पळापळ झाली.

कपात खरी असेल तर मात्र कर्ज बघायचं, आणि नेमकं तेच राहून जातं. यंत्रमागवाल्यांना हे नव्यानं सांगायला नको. सीसी लिमिटच्या (बँकेनं धंद्याला दिलेल्या खेळत्या कर्जाच्या मर्यादेच्या) नूतनीकरणाला गेलं की बँक मॅनेजर धंद्यातून घरी किती उचललं ते विचारतोच. लाभांश म्हणजे भागधारकांची उचल.

समजा, कंपनीचे १० कोटी शेअर आहेत आणि लाभांश ८ वरून ५ रुपयांवर आला. वाचले ३० कोटी. यंदा फेडायचं ३०० कोटींचं कर्ज साडेआठऐवजी साडेदहा टक्क्यांनी नवं झालं, तर व्याज वर्षाला ६ कोटींनी वाढलं. ते भागवून २४ कोटी मुद्दलात जात असतील, तर ही कपात शहाणपणाची. आम्हाला भीती उलट प्रकाराची वाटते. रोख शिल्लक ४० कोटी, देणं ३०० कोटींचं, आणि बाजाराला बरं वाटावं म्हणून लाभांश जसाच्या तसा.

वार्षिक अहवालात ताळेबंदाखालच्या टिपांमध्ये अल्पमुदतीच्या कर्जांची टीप काढा. तिथे 'करंट मॅच्युरिटीज' अशी ओळ असते. दीर्घ मुदतीच्या कर्जातला वर्षभरात फेडायचा भाग तो हाच. त्यासमोर रोख शिल्लक आणि धंद्यातून आलेली रोकड मांडा. व्याज-करापूर्वीचा नफा व्याजाच्या दीडपटही नसेल, तर आम्ही सावध होतो. क्रिसिल, इक्रा, केअर या कंपन्यांची पत जोखणाऱ्या संस्था; त्यांची मानांकन टिपणं फुकट वाचता येतात. त्यातला 'लिक्विडिटी'चा (देणी भागवायला हाताशी किती रोकड आहे त्याचा) परिच्छेद सोडू नका.

कर्जाचं नूतनीकरण झालं एवढ्यावर खूश होऊ नका, मुदत विचारा. पाच वर्षांच्या कर्जाच्या जागी ९० दिवसांचा कमर्शियल पेपर (कंपनीनं बाजारातून थोड्या मुदतीसाठी घेतलेलं विनातारण कर्ज) आला, तर तीन महिन्यांनी पुन्हा तोच प्रश्न. आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीनं लांब मुदतीच्या प्रकल्पांत थोड्या मुदतीचे पैसे घातले होते. २०१८ मध्ये ते फिरवता येईनात, म्हणजे जुनं फेडायला नवं कर्ज मिळेना, तेव्हा काही आठवड्यांत मानांकन 'एएए'वरून (सर्वोत्तम) 'डी'वर (कर्ज थकलेलं) आलं.

आम्ही ऑर्डर घेताना भाव विचारतो, याचा काहींना राग येतो. निकालानंतर सकाळी कमी उलाढालीच्या शेअरमध्ये 'बाजारभावानं विका' म्हटलं, की मिळेल त्या भावाला माल जातो. ऑर्डरचा पुरावा ठेवणं बाजार नियामक सेबीच्या २०१८ च्या परिपत्रकानं बंधनकारक आहे, म्हणून तोंडी निरोप चालत नाही.

आमच्याकडे डिमॅट असलेल्यांना त्यांच्या कंपन्यांच्या कर्जाचं एक पानी टिपण आम्ही विनाशुल्क काढून देतो. होल्डिंगची यादी घेऊन चारनंतर या. साडेतीनला बाजार बंद झाला की निवांत बोलता येतं.