काटकसरीचा लौकिक : ब्रिटनची उजवी सरकारे आणि मंदीतली तिजोरी

मंदी आली की कराचा महसूल आटतो, बेकार भत्त्यावरचा खर्च वाढतो आणि कोणी काहीही न करता सरकारची तूट फुगते. अशा वेळी अंथरूण पाहून पाय पसरावेत हे घराच्या बाबतीत कोणीही मान्य करील. घरातल्या बाईने खर्च आटोपता घेतला म्हणून नवऱ्याचा पगार कमी होत नाही. सरकारचे तसे नसते. सरकारचा खर्च ही कोणाची तरी मिळकत असते. तो कापला की त्या मिळकतीवरचा करही जातो. ब्रिटनमधला उजवा हुजूर पक्ष (कॉन्झर्व्हेटिव्ह) पैशाच्या बाबतीत भरवशाचा, हा लौकिक तपासायचा तर हा फरक आधी मनात धरायला हवा.

लौकिकाचे मूळ १९३१ मध्ये आहे. तेव्हा सत्तेवर रॅम्से मॅकडोनल्ड यांचे मजूर सरकार होते. सरकारी खर्च तपासणाऱ्या जॉर्ज मे यांच्या समितीने ३१ जुलैला अहवाल दिला : १२ कोटी पौंडांची तूट येणार, बेकार भत्ता २० टक्क्यांनी कापा. या तुटीतला मोठा हिस्सा जुने कर्ज फेडण्यासाठी बाजूला काढायच्या रकमेचा होता, पण आकडा छापून आला आणि लंडनमधून सोने बाहेर जाऊ लागले. भत्ता १० टक्के कापावा की नाही यावर मंत्रिमंडळ फुटले. २४ ऑगस्टला सरकार गेले आणि मॅकडोनल्ड यांच्याच नावाने 'राष्ट्रीय सरकार' आले. ऑक्टोबरच्या निवडणुकीनंतर त्यात ४७० खासदार हुजूर पक्षाचे होते. नाव राष्ट्रीय, बळ हुजुरांचे.

सप्टेंबरच्या अर्थसंकल्पात भत्ता १० टक्के आणि शिक्षकांचे पगार १५ टक्के कापायचे ठरले. नौदलात जुन्या दराने रोज ४ शिलिंग मिळवणाऱ्या खलाशाच्या हाती ३ शिलिंग येणार होते. म्हणजे सरळ चौथा हिस्सा गेला. वरच्या अधिकाऱ्यांची कपात प्रमाणाने बरीच कमी होती. १५ सप्टेंबरला स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डन बंदरात खलाशांनी जहाजे हलवायला नकार दिला. ती बातमी जगभर गेली, पौंडावरचा दबाव असह्य झाला आणि २१ सप्टेंबरला ब्रिटनने सुवर्णपरिमाण, म्हणजे पौंडाची किंमत ठरावीक सोन्याशी बांधण्याची पद्धत, सोडले. ज्या पौंडाला वाचवण्यासाठी कपात केली, तोच कपातीच्या गोंधळात पडला.

आणि पुढे जी सावरासावर झाली ती या पडझडीतून. सोन्याची बेडी तुटल्यावर बँक दर, म्हणजे बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर, जून १९३२ मध्ये २ टक्क्यांवर आणता आला. अर्थमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांनी सुमारे २०० कोटी पौंडांचे युद्धकर्ज ५ टक्क्यांवरून साडेतीन टक्के व्याजावर आणले. स्वस्त कर्जावर दक्षिण इंग्लंडमध्ये घरे उभी राहू लागली. उत्तरेतल्या खाणींच्या आणि गोद्यांच्या गावांत मात्र भत्ता मागणाऱ्याच्या घरी अधिकारी येऊन सामानसुमान पाहत, कमावत्या मुलांचा पगार हिशेबात धरून बापाचा भत्ता कमी करत. भत्त्यातली कपात १९३४ मध्ये मागे घेतली गेली, पण ही झडती तिकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या विसरली नाहीत.

सुवर्णपरिमाण सोडण्याच्या निर्णयाची झळ आपल्याकडेही पोचली. भारत सरकारने रुपया १ शिलिंग ६ पेन्स या दराला पौंडाशी बांधून ठेवला. शेतमालाचे भाव कोसळलेले, सारा आणि सावकार दारात, आणि पौंडाबरोबर रुपयाही पडल्याने सोन्याचा रुपयातला भाव चढलेला. लोकांनी अंगावरचे दागिने विकले आणि ते सोने मुंबई बंदरातून लंडनकडे गेले. ब्रिटनच्या तेव्हाच्या सावरण्याचा हिशेब मांडताना हा जमेचा रकाना सहसा कोणी उघडत नाही, याचे मला वाईट वाटते.

दुसरा मोठा प्रसंग मार्गारेट थॅचर यांचा. घर चालवणाऱ्या बाईला देशाचा हिशेब कळतो, हे त्यांचे आवडते सांगणे होते. १० मार्च १९८१ ला, खोल मंदीत, त्यांचे अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी कर वाढवले. चलनवाढ दोन अंकी असूनही प्राप्तिकराच्या मर्यादा जागच्या जागी ठेवल्या, म्हणजे महागाईने पगार वाढला की करही वाढला, पेट्रोल गॅलनमागे २० पेन्सने महाग झाले. महिनाअखेरीस ३६४ अर्थतज्ज्ञांनी 'द टाइम्स'मध्ये पत्र लिहून, या धोरणाने मंदी आणखी खोल जाईल असे बजावले.

हुजूर पक्षाचे समर्थक आजही सांगतात की उत्पादनाची घसरण त्याच सुमारास थांबली, म्हणजे तज्ज्ञ चुकले. घसरण थांबली हे खरे. पण जानेवारी १९८२ मध्ये बेकारांचा आकडा ३० लाखांवर गेला आणि १९८७ पर्यंत फारसा खाली आला नाही. भत्त्याचा बोजा वाढल्याने राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत सरकारी खर्च सुरुवातीची काही वर्षे वाढतच गेला. तिजोरीला आधार मिळाला तो उत्तर समुद्रातल्या तेलाचा आणि सरकारी कंपन्या विकून आलेल्या पैशाचा : १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉम, १९८६ मध्ये ब्रिटिश गॅस. दोन्ही मिळकती कायम टिकणाऱ्या नव्हत्या. त्यांना काटकसरीचे फळ म्हणणे मला पटत नाही.

२०१० मध्ये डेव्हिड कॅमेरन यांचे आघाडी सरकार आले तेव्हा मंदी अधिकृतपणे संपली होती, तूट मात्र राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या घरात होती. अर्थमंत्री जॉर्ज ऑसबर्न यांनी मूल्यवर्धित कर साडेसतरावरून २० टक्के केला, नगरपालिकांची अनुदाने कापली, वाचनालये बंद पडली. २०१५ पर्यंत तूट साधारण निम्म्यावर आली. ती पुरती भरून काढायचे उद्दिष्ट हुकले.

मग करोना आला आणि याच पक्षाचे तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी घरी बसलेल्या कामगारांचा ८० टक्के पगार, महिना २,५०० पौंडांच्या मर्यादेत, सरकारी तिजोरीतून दिला. २०२०-२१ चे कर्ज ३०० अब्ज पौंडांवर गेले, शांततेच्या काळातला विक्रम. माझ्या मते हुजूर पक्षाने मंदीत घेतलेला हा सर्वांत जबाबदार निर्णय होता, आणि तो त्यांच्या लौकिकाच्या नेमका उलट होता.

बेजबाबदारपणाचे उदाहरणही त्यांच्याच खात्यात आहे. २३ सप्टेंबर २०२२ ला पंतप्रधान लिझ ट्रस यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. ऑसबर्न यांनीच नेमलेल्या स्वतंत्र अंदाज कार्यालयाचा आकडा न घेता. पौंड डॉलरच्या तुलनेत नीचांकाला गेला, सरकारी कर्जरोख्यांचे भाव कोसळले, निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले आणि २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला ते रोखे विकत घ्यायला बाजारात उतरावे लागले. महिनाभरात दोघेही पायउतार झाले.

पाठोपाठ आलेल्या जेरेमी हंट यांनी १७ नोव्हेंबरला ५५ अब्ज पौंडांची करवाढ आणि खर्चकपात मांडली. देश मंदीत आहे, असे अंदाज कार्यालयाने त्याच दिवशी सांगितले होते. हंट यांनी कपातीचा बहुतांश भाग दोन वर्षे पुढे ढकलला. १९३१ च्या खलाशांना आणि बेकारांना ही सवड मिळाली नव्हती.