काकडीच्या फेसाचा खुलासा

टोक कापायचं, तेच काकडीवर गोल गोल घासायचं, पांढरा फेस आला की ‘कडूपणा निघाला’! बडोद्यात दांडिया बाजारातल्या मराठी स्वयंपाकघरांतही हेच चालतं. फेस म्हणजे नुसता चीक हो. कडू चव असते कुकुरबिटासिन या काकडीतल्याच कडू द्रव्याची. ते देठाकडे आणि सालीखाली जास्त असतं, घासून आतून बाहेर येत नाही. गुण येतो तो टोक कापल्याचा. म्हणून देठाकडून बोटभर कापा, साल जाड काढा, कोशिंबिरीआधी फोड चाखा. परसातल्या वेलाला पाणी कमी पडलं तर काकडी जास्त कडवते.

हेच द्रव्य दुधीतही असतं, पण दुधीशी मात्र खेळ नको. कडू दुधी शिजवूनही खाऊ नये, रस तर नाहीच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ गटानेही 2012 मध्ये हेच सांगितलं: रसाआधी तुकडा चाखा, कडू लागला तर टाकून द्या.