'दात खाणे' : झोपेतले, रागातले आणि आखाड्यातले

आईची दाढ दुखत होती म्हणून तिला मिरजेला दाखवायला नेलं होतं. दवाखान्यात भरायच्या कागदावर एक प्रश्न छापलेला होता, 'रात्री दात घासता का?' आईनं वाचून सांगितलं, "हो की, जेवल्यावर रोज घासते." विचारायचं होतं ते ब्रशचं नव्हतंच. डॉक्टरांनी तिच्या खालच्या दाढा बघितल्या. वरचे उंचवटे झिजून त्या पाट्यासारख्या सपाट झाल्या होत्या. मग त्यांनी सरळ विचारलं, "मावशी, झोपेत दात खाता का?" आई म्हणाली, "ते ह्याच्या बाबांना विचारा. मला झोपेत कसं कळणार?"

एका क्रियापदानं सगळा प्रश्नच फिरवला. मराठीत दात घासतात ते सकाळी, राखुंडीनं नाहीतर पेस्टनं. झोपेत करकर वाजतात ते दात 'खाल्ले' जातात. हे 'खाणे' फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, झटक्याचं वर्णन येतं, त्यात 'दन्तान् खादन् वमन् फेनम्' असे शब्द आहेत. दात खात, तोंडातून फेस काढत रोगी जमिनीवर पडतो. संस्कृतातलं 'खाद्' म्हणजेच आपलं 'खाणे'. हिंदीवाले दात 'पीसतात'. आमच्या जिल्ह्यात जतकडची कानडी बोलणारी माणसं 'हल्लु कडियोदु' म्हणतात, म्हणजे दात चावणे. मराठीनं 'खाणे' धरून ठेवलं, आणि मला ते सगळ्यात नेमकं वाटतं. दात खरोखरच दाताला खातो. दातावरचं कवच एकदा झिजलं की पुन्हा येत नाही.

रागात दातांच्या जोडीला ओठ येतो. 'दातओठ खात अंगावर धावून आला' म्हटलं की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. 'तो माझ्यावर दात खाऊन आहे' यात मात्र आवाज नाही, धुमसणारा डूख आहे. आणि सांगली-साताऱ्याकडं याला तिसरा अर्थ आहे, तो इतरांच्या लक्षात येत नाही : जोर लावण्याचा. कुंडलच्या मैदानात खालचा पैलवान पाठ टेकू नये म्हणून मान ताठ करतो, तेव्हा त्याच्या कानाखाली जबड्याचा स्नायू गाठीसारखा वर येतो. बघणारे म्हणतात, "दातओठ खाऊन धरलाय!" तिथं राग नसतो, नुसती ताकद असते. थंडीचं वेगळं. महाबळेश्वरला पहाटे दात 'वाजतात', खाल्ले जात नाहीत.

लहान मुलांचं निदान घरोघरी ठरलेलं. आजी अंधारातच म्हणायची, "पोरगं दात खातंय, जंत झाल्यात. वावडिंग द्या." आम्ही पाच भावंडं ओळीनं झोपायचो, आणि त्या करकरीनं कुणाची तरी झोप मोडायचीच. पण पोटात जंत नसलेली मुलंही दात खातात, आणि बहुतेकांची सवय वाढत्या वयात आपोआप सुटते. जंतांचं औषध द्यायचं ते जंत असतील तर.

वैद्यकानं याला स्वतंत्र नाव दिलं ते अलीकडं. 1907 मध्ये फ्रेंचमध्ये 'ब्रुक्सोमानी' हा शब्द आला, 1931 मध्ये 'ब्रुक्सिझम' रूढ व्हायला लागला. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ दात करकरणे असाच. पूर्वी दोष वरच्या-खालच्या दातांच्या बसणीवर ढकलला जायचा. आता झोपेतली अर्धवट जाग, मनावरचा ताण, तंबाखू, दारू, काही औषधं यांकडं जास्त बघतात. 2013 मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं झोपेतलं आणि जागेपणीचं असे दोन प्रकार वेगळे मांडले. जागेपणी माणूस बहुधा दात खात नाही, आवळून धरतो. गाडी चालवताना, हिशेब करताना, मोबाइलवर बघताना. त्याला आपल्याकडं 'दात आवळणे' हा शब्द आहेच. दवाखान्यातल्या कागदांवर हे दोन्ही शब्द यावेत असं मला मनापासून वाटतं, कारण पेशंट उत्तर देतो ते त्याला समजलेल्या प्रश्नाचं.

आईला रात्री दातांवर बसवायची प्लॅस्टिकची पट्टी मिळाली. पट्टीनं दात खाणं थांबत नाही, झीज तेवढी तिच्यावर जाते. तीन महिन्यांनी दाखवायला नेली तेव्हा पट्टीवर दाढेच्या जागी नखाएवढे खळगे पडले होते. टेबलावरच्या कागदात 'घासता' खोडून निळ्या पेनानं 'खाता' केलं होतं.