वेल आधी की वाइन?

गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनरीत फिरताना दोन इंग्रजी शब्द सारखे कानावर पडतात: वाइन आणि व्हाइन. पहिलं पेय, दुसरा द्राक्षाचा वेल. आपल्या तोंडून मात्र दोन्ही ‘वाइन’च. यात अडाणीपणा नाही, मराठी ‘व’ची ठेवणच तशी. आरशासमोर म्हणून बघा. इंग्रज वाइन म्हणताना दोन्ही ओठ गोल करतो, दातांचा संबंधच येत नाही. व्हाइनला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि फटीतून हवा घासत जाते. आपल्या ‘व’ला ओठ दातांजवळ जातो खरा, पण घासत नाही. शिवाय या फरकाने मराठीत अर्थ बदलत नाही, मग कान कशाला दखल घेईल?

मुळात दोन्ही शब्द निघाले एकाच लॅटिन ‘वीनुम’मधून. अभिजात लॅटिनमध्ये त्याची सुरुवात गोल ओठांनीच होई. रोमन व्यापाऱ्यांकडून जर्मानिक टोळ्यांनी मालासोबत नावही उचललं आणि तो जुना उच्चार इंग्रजीत आजवर टिकला. लॅटिन बोलणाऱ्यांनी मात्र पुढे तो बदलला. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांची रीघ लागली, त्यात व्हाइन आला, बदललेला उच्चार घेऊन. (जर्मन माणूस तर आज वाइनलाच ‘व्हाइन’ म्हणतो, तेव्हा आपण एकटे नाही.)

यातला मधला दुवा मला जास्त गमतीचा वाटतो. व्हाइन थेट ‘वीनुम’पासून आला नाही, ‘वीनेआ’पासून आला. वीनेआ म्हणजे द्राक्षमळा, आणि हे नाव पडलं वाइनवरून. थोडक्यात, इंग्रजीत पेयावरून वेल. आपल्याकडे उलटं, द्राक्षावरून द्राक्षासव. नाशिकचा बागायतदार तर वेलालाही सरळ ‘झाड’ म्हणून मोकळा होतो.

लॅटिनमध्ये वेलाला स्वतःचं नाव होतं, ‘वीटिस’. ते वनस्पतिशास्त्राने जपलं: वीटिस व्हिनिफेरा, म्हणजे वाइन देणारा वेल. निफाडचं खायचं थॉमसन सीडलेस आणि वायनरीतलं शेनिन ब्लां, दोन्ही याच प्रजातीची. पण छाटणीच्या वेळी बागेत गेलात तर बुंध्याशी वाकून कलमाचा जोड शोधा. त्याच्या खाली बहुधा डॉगरिजचा खुंट असतो, मूळचा अमेरिकेचा आणि व्हिनिफेरा नसलेला. ‘वाइन देणारा’ हे नाव जोडाच्या वरच्या भागालाच लागू.