नव्या पुलाआधी काठावरची माती का चाळतात?

ओढ्यावरचा जुना पूल काढून नवा टाकायचा, काम तसं छोटंच, मग त्याच्याआधी आर्किऑलॉजिस्ट फावडी घेऊन तिथे काय करतात? अमेरिकेत ग्रामीण भागात हे नेहमीचं आहे. १९६६ च्या नॅशनल हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन अ‍ॅक्टमधलं कलम १०६ सांगतं की फेडरल सरकारचा पैसा किंवा परवानगी लागत असेल तर कामाचा ऐतिहासिक जागांवर काय परिणाम होईल ते आधी बघा.

कायदा सोडा, मुळात कारण अगदी साधं आहे. नदी कुठे उथळ आहे, काठावरून खाली कुठून उतरता येतं हे हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी बघून ठेवलेलं असतं, पाणी जवळ, मासे जवळ, म्हणून मुक्कामही तिथेच, मग त्याच पायवाटेवर घोडागाड्या आल्या, मग लाकडी पूल, मग लोखंडी.

बऱ्याच जणांना वाटतं पुलाच्या खाली शोधत असतील. तिथली माती तर जुना पूल बांधतानाच उपसलेली असते! खरी काळजी शेजारच्या जागेची, कारण रहदारी बंद पडू नये म्हणून नवा पूल बऱ्याचदा थोडा बाजूला घेतात, शिवाय तात्पुरता रस्ता, क्रेनची जागा, सामान ठेवायची जागा, हे सगळं सर्व्हेत धरावं लागतं.

आता प्रत्यक्ष काम. साधारण १५ मीटरवर एकेक खड्डा, ३० ते ५० सेंटीमीटर रुंद. आधी गवताचा थर अख्खा कापून बाजूला ठेवायचा, मग माती साधारण ६ मिलीमीटर जाळीच्या चाळणीत टाकून हलवत राहायचं. वरची वीस-तीस सेंटीमीटर माती नांगराने ढवळलेली, गडद, तिच्याखाली रंग एकदम बदलतो, तो रंग चार्टशी जुळवून लिहून ठेवतात. चाळणीत उरतात मुळं, खडे, आणि कधीतरी नखाएवढी गारगोटीची कपची. ती उचलून तिरकी धरली की एका बाजूला, घाव बसला त्याच्या लगेच खाली, हलकासा फुगवटा दिसतो आणि तिथून लाटांसारख्या रेषा पसरलेल्या असतात. दगड आपोआप फुटला तर हे सहसा असं दिसत नाही, म्हणजे कुणीतरी इथे बसून हत्यार घडवलंय. मला या सगळ्या विषयात ही कपची सगळ्यात भारी वाटते.

पण नदीकाठी एक मोठी अडचण आहे. दर पुरात गाळाचा नवा थर बसतो, त्यामुळे जुनी वस्ती दोन-तीन मीटर खाली जाऊ शकते आणि फावड्याचा खड्डा जेमतेम मीटरभर जातो. वर काही सापडलं नाही म्हणजे खाली काहीच नाही असं होत नाही. इलिनॉयमधल्या कोस्टर साइटवर तर शेजारच्या टेकाडावरून माती वाहून येत राहिली आणि वस्तीचे थरावर थर सुमारे १० मीटर खोलीपर्यंत सापडले. म्हणून गाळाच्या जागी बॅकहोने, म्हणजे खोदायच्या यंत्राने, खोल चर घेतात, आणि माती वाचणारा भूरूपशास्त्रज्ञ सोबत असावाच लागतो, तिथे काटकसर करणं मला तरी चूक वाटतं.

काही सापडलं की पूल रद्द, असं मात्र नसतं. दुसऱ्या टप्प्यात जागा किती महत्त्वाची आणि किती शाबूत आहे ते तपासतात, मग शक्यतो पुलाची लाइन सरकवतात, आणि दुसरा मार्गच नसेल तर पूर्ण उत्खनन. त्या भूमीशी नातं असलेल्या आदिवासी जमातींशीही बोलावं लागतं, आणि मानवी अवशेष निघाले तर काम तिथेच थांबतं.

बहुतेक सर्व्हेत खरं तर फारसं काही मिळत नाही. तरी प्रत्येक रिकामा खड्डा नकाशावर मांडतात, खोली आणि मातीचे थर लिहितात, आणि रिपोर्ट राज्याच्या रेकॉर्डमध्ये जातो, म्हणजे पुढे तोच रस्ता रुंद करायची वेळ आली तर कुठे, किती खोल बघून झालंय ते कळतं. मग माती परत खड्ड्यात, आणि वर तो कापून ठेवलेला गवताचा थर पायाने दाबून बसवायचा.