सुतार पक्ष्याची वर्दी

दाजीपूरच्या जंगलात सुतार पक्ष्याची 'टर्रर्र' ऐकू आली की बरोबरचं कुणीतरी सांगतंच, "किडे शोधतोय." किडे शोधतानाचं ठोकणं वेगळं. दोन टोचे, जरा थांबणं, साल उचकटणं, पुन्हा तीन टोचे. ही सलग टर्रर्र मात्र वर्दी असते. सेकंदाला १० ते २० ठोके, आणि तेही निवडून काढलेल्या वाळक्या, खणखणीत फांदीवर. वस्तीजवळ असला तर पत्र्यावरसुद्धा! शेजाऱ्याला हद्द सांगायची, जोडीदाराला पत्ता द्यायचा. बऱ्याच जातींत मादीही वाजवते. ठोक्यांचा वेग आणि लय जातीगणिक बदलते.

सैन्यातही तेच. रणधुमाळीत तोंडी हुकूम विरून जातो, नगारा पोचतो. खर्जातला आवाज हवेत कमी शोषला जातो आणि झाडं, भिंतींना वळसा घालून पुढं सरकतो. आपल्या हलगीचं बळ निराळं. कुस्तीच्या मैदानावर ती आधी जाळावर धरतात. कातड्यातला ओलावा जातो, ताण वाढतो, सूर चढतो.

मला खरी मौज वाटते ती संचलनाची. मिनिटाला १२० पावलं, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, अर्ध्या सेकंदात १७०. बँड रांगेच्या पुढं असला, तर १७० मीटर मागच्या जवानाला प्रत्येक ठोका एक पाऊल उशिरा ऐकू येतो. पुढच्याचा डावा टेकतो तेव्हा याचा उजवा! ८५ मीटरवरच्याचं पाऊल तेव्हा अधांतरी. नुसत्या कानावर चालणारी लांब रांग उंचावरून पाहिली, तर तिच्यातून लाट सरकताना दिसेल, आणि चूक कुणाचीच नाही. त्यात तापमान अंशाला ध्वनीचा वेग ०.६ मीटरनं वाढवतं. मे महिन्यात ३५ अंशांना १७० चे १७६ होतात. बँड रांगेच्या मधोमध घातला, की घोळ निम्म्यावर येतो.

गणपतीत 'ढोलाच्या नादानं हवेतले जंतू मरतात' असे मेसेज फिरतात. जंतूंना काही होत नाही. आपल्या आंतरकर्णातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मात्र मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत.

आणि भर दुपारी बागेत एका लयीत चालणारी 'टुक, टुक, टुक'? ती सुताराची नव्हे, तांबट पक्ष्याची. तो काहीही ठोकत नाही. चोच मिटलेली असते, प्रत्येक 'टुक'ला गळा तेवढा फुगतो.